शेंदूर लावलेलं इंजिन

बोटीत बसायच्या आधी मी इंजिन ऐकतो. परवा कोयनेच्या पाण्यावर गेलो होतो, मुलगा, सून, नातवंडं सगळी बरोबर, तेव्हाही तेच केलं. सगळे भगवी जाकिटं चढवून बसलेसुद्धा आणि मी आपला धक्क्यावर उभा, मान वाकडी करून. बोटवाल्याला वाटलं म्हातारा घाबरला. त्यानं हात पुढं केला. मी त्याची नखं बघितली. नखांत काळं नव्हतं. म्हणजे इंजिनाला हात लावणारा दुसराच कुणीतरी आहे, आणि तो आज कुठं आहे? असला माझा स्वभाव. दूधवाला माप घालतो तेव्हा मी मापाकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघतो. बायको होती तोवर म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी नमस्कार चपलांकडे तोंड करूनच कराल. खोटं नव्हतं ते.

बोट सुटली आणि पाण्याचा वास आला. हा वास मी कुठंही ओळखीन. समुद्रासारखा खारट नाही, नदीसारखा हिरवा नाही. बुडालेल्या लाकडाचा, कुजलेल्या पानांचा, आणि त्यात पेट्रोलची एक बारीक रेघ. मुलगा मोबाईलवर डोंगर टिपत होता. मी डोळे मिटले. पन्नास वर्षांपूर्वी याच पाण्यावर मी लाँचचा मिस्त्री होतो, आणि याच पाण्यावर मी एका माणसाचं वाटोळं केलं. ते घरात कुणाला माहीत नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी मूळचा आष्ट्याचा. फौजेत ट्रकांची इंजिनं उघडून-जोडून हात बसला होता. परत आल्यावर एका नातेवाइकानं धरणाच्या खात्यात शब्द टाकला आणि मी सातारच्या डोंगरात, धरणाच्या पाण्याकाठी येऊन पडलो. ऊस आणि गुऱ्हाळं बघत वाढलेला माणूस मी, तिथं नाचणी आणि धुकं. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, डोंगर माझ्या पाठीमागं हलतात.

लाँच दिवसातून दोनदा जायची. पलीकडच्या काठावर वाड्या होत्या, त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. सकाळी माणसं घेऊन यायची, दुपार कलली की सोडायची. काय काय बसायचं तीत! हिरड्याची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, मधाचे डबे, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, दिवस भरलेली बाई. हिरड्याचा तुरट वास लाकडात इतका मुरला होता की लाँच रिकामी असली तरी जीभ कोरडी पडायची. धुक्याच्या दिवसांत दोन हातांवरचं दिसायचं नाही. मग माणसं बोलायची थांबायची आणि नुसतं इंजिन ऐकत बसायची.

लाँच चालवायचे तात्या. पन्नाशी उलटलेले, काटक, डोक्याला कायम पटका. त्यांचं गाव या पाण्याखाली गेलेलं. सरकारनं बदली जमीन दिली होती, पार आटपाडीकडं, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. तात्या गेले नव्हते. विचारलं की म्हणायचे, तितं प्यायला पाणी न्हाई आणि हितं माझं घर हाय, आणि बोट करायचे ते सरळ पाण्याकडं. लाँच ते काठाच्या खुणांवर चालवायचेच नाहीत. ते खालच्या खुणांवर चालवायचे. आता ओढा ओलांडला, आता चावडी, आता आंब्याखालनं चाललोय, असं पुटपुटत. आणि रोज, जाताना एकदा नि येताना एकदा, अगदी मधोमध आल्यावर ते इंजिन हळू करायचे. शंभर पावलं जातील एवढा वेळ. खाली त्यांचं घर होतं.

हे मला नंतर कळलं. आधी मला एवढंच दिसलं की हा माणूस रोज एकाच जागी इंजिन हळू करतो, कारण नसताना. आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याला कारणही होतं. इंजिन कटकट करत होतं. सहा सिलिंडरचं अमेरिकन पेट्रोल इंजिन, कुठल्याशा लिलावातून आलेलं. भरधाव चाललं असलं की पाण्याच्या आवाजात दबून जायचं, पण हळू केलं की डोक्यातनं टक टक टक सुरू. आवाज टॅपेटचा होता हे कुणीही सांगितलं असतं. इंजिनाच्या वरचं पत्र्याचं टोपण काढलं की खाली बारा लहान हातोडे नाचत असतात. प्रत्येक हातोडा एकेक व्हॉल्व दाबतो. हातोडा आणि व्हॉल्व यांच्यात केसाएवढी फट सोडायची असते, ती हातोड्यावरच्या नटानं कमीजास्त करायची आणि पोलादाच्या पातळ पत्तीनं मोजायची; यालाच टॅपेट बसवणं म्हणतात. पत्ती आत गेली पाहिजे, पण जरा अडत. फौजेत मी हे डोळे झाकून करायचो. आमचा उस्ताद म्हणायचा, पत्ती खोटं बोलत नाही.

मी बाराही टॅपेट पत्ती घालून बसवले. दुसऱ्या दिवशी बघतो तर चार सैल, दोन घट्ट. पुन्हा बसवले. तिसऱ्या दिवशी वेगळेच तीन सैल. काल जे घट्ट होते ते आज बरोबर! इंजिनाच्या कुठल्याही खोडीला एक रीत असते हो. नट सैल होतो तो तोच तोच होतो. हे असं रोज नवीन जागी कसं होईल? रात्री कुणी पाना घेऊन फिरवत असेल तरच होईल. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि लाँचजवळ राहायचं कोण, तर तात्या. धक्क्यावरच त्यांची खोपी होती. शिवाय ते एकदा सहज बोलून गेले होते की त्यांचा जावई पंपाची इंजिनं दुरुस्त करतो, त्याला इथं चिकटवता आलं तर लेक जवळ राहील. इंजिन बिघडत राहिलं की मी जाणार आणि जावई येणार; मला तेवढं पुरे झालं.

मग मी पाळत सुरू केली. टोपणाच्या बोल्टाला काळा दोरा बांधून ठेवला; दोरा जागच्या जागी राहिला. मला वाटलं, बेटा हुशार आहे, दोरा सोडून पुन्हा बांधतो. तेलाच्या डब्यावर खडूनं रेघ मारली. रेघेखाली तेल गेलं नाही, तेव्हा वाटलं काढतो तेवढं बाहेरनं आणून ओततो. तात्या मला सकाळी चहा आणून द्यायचे, गुळाचा, आलं ठेचून घातलेला. मी आधी वास घ्यायचो, मग त्यांनी एक घोट घेतल्यावर प्यायचो. त्यांना वाटायचं मी मान देतोय.

शेवटी मी पक्का बंदोबस्त केला. लाँचला लावायला आणलेलं वार्निश थोडं उरलं होतं. त्यात मारुतीच्या देवळातला शेंदूर कालवला आणि प्रत्येक नटावर आणि त्याच्या स्क्रूवर मिळून एक बारीक रेघ ओढली. नट केसभर फिरला तरी रेघ तुटणार. बारा नट, बारा रेघा. तात्या बाजूला उभे राहून बघत होते. मी टोपण लावायच्या आधी त्यांनी पटका काढला आणि इंजिनाला हात जोडले. मला त्याचाही संशय आला.

दोन दिवसांनी उघडलं तर रेघा शाबूत. आणि तरी फटी बदललेल्या! दुसरा कुणी असता तर तिथं थांबून विचार केला असता. नट फिरला नाही आणि फट बदलली, म्हणजे खोट नटात नाही, आणखी कुठंतरी आहे. पण संशय एकदा डोक्यात बसला की तो पुरावासुद्धा आपल्या बाजूनं फिरवून घेतो. मी म्हटलं, नट फिरवून पुन्हा रेघेला रेघ जुळवून ठेवतो. त्याशिवाय दुसरं काही मला सुचलंच नाही.

दसऱ्याला मी आष्ट्याला गेलो. आईनं चार दिवस ठेवून घेतलं. परत आलो तेव्हा धक्क्यावर झेंडूचा वास होता. लाँचला तोरण, सुकाणूच्या चाकाला हार, नांगराला हळदकुंकू, माझ्या पान्यांच्या पेटीवर आपट्याची पानं. खंडेनवमीला तात्यांनी सगळं पुजलं होतं. मी थेट आत गेलो आणि टोपण काढलं. आणि माझं रक्त उसळलं. बाराही नटांवर ताजा, जाड, ओघळणारा शेंदूर. माझ्या वार्निशावर वरनं तेलातला शेंदूर थापलेला. माझी एक रेघ दिसत नव्हती. एका हातोड्याखाली झेंडूची पाकळी अडकली होती. चोर सापडला म्हणून मला इतका आनंद झाला, काय सांगू. फौजेतनं सुटलो त्या दिवशीही झाला नव्हता.

मी तात्यांना हाक मारली. टोपण कुणी काढलं म्हणून विचारलं.

"म्या काढलं," तात्या म्हणाले.

"कशाला?"

"शेंदूर पुसट झाला हुता. नवमीला देव बोडका कसा ठिवायचा? लावला."

ते अगदी सहज बोलले. मी हसलो, ते हसू काही चांगलं नव्हतं. त्याच दिवशी मी साताऱ्याला साहेबांना कळवलं.

साहेब आठवड्यानं आले. लाँच भरलेली होती, माणसं सामान घेऊन बसलेली, त्यांच्यादेखत चौकशी झाली. मी टोपण काढून दाखवलं, खुणा कशा केल्या होत्या आणि त्या कशा बुजवल्या ते सांगितलं. साहेबांनी तात्यांना विचारलं, टोपण तुम्ही काढलं का? तात्या व्हय म्हणाले. नट फिरवले का? तात्या न्हाई म्हणाले. पण एकदा व्हय म्हटलेल्या माणसाचं न्हाई कोण ऐकतो? साहेबांचं बोलणं होईस्तोवर तात्या माझ्याकडेच बघत होते. त्या रेघा कशासाठी होत्या, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"मला वाटलं तू इंजिन पुजलंयस, मिस्त्री," ते म्हणाले. "म्हणून म्याबी हात जोडलं."

त्यांचं काम रोजंदारीचं. काढायला कागदसुद्धा लागला नाही. खोपी खात्याच्या जागेत होती, तीही सोडायची होती. चार दिवसांनी तात्या आणि त्यांची बायको, आमच्या काकी, एक ट्रंक, दोन गोधड्या आणि जातं घेऊन लाँचमध्ये बसले. पलीकडच्या वाडीतल्या भावकीचा निरोप घेऊन मग आटपाडीकडं जायचं होतं. नवा ड्रायव्हर कऱ्हाडचा होता, तरणाबांड, काठाच्या खुणांवर चालवणारा. मधोमध आलो तेव्हा त्यानं वेग कमी केला नाही. काकींनी पदर तोंडाला लावला. तात्या बाकाच्या कडेला हात लावून बसले होते आणि पाण्याकडं न बघता पायाखालच्या फळीकडं बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण या माणसाचं गाव दुसऱ्यांदा बुडवतोय. पण मी ते झटकून टाकलं. चोराची दया येते कधीकधी, म्हटलं.

दिवाळीनंतर मी सांगलीला गेलो, टोपणाखालचा गॅस्केट आणायला. मिरज रस्त्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी जन्मभर बड्या लोकांच्या अमेरिकन गाड्या सांभाळलेल्या. चिंचेच्या झाडाखाली खाटेवर बसून पोराटोरांना शिव्या घालत काम करून घ्यायचे. गॅस्केट बांधून देताना त्यांनी विचारलं, कशाला रं हे? मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. सैल होणारे टॅपेट, पत्ती, शेंदूर, पकडलेला चोर. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"पत्ती घातलीस?" तो म्हणाला. "येड्या, ते तेलाचं टॅपेट हाय. त्याला पत्ती लागत न्हाई."

मग त्यांनी गोधडीखालनं एक जुना टॅपेट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याएवढी पोलादी डबी, हातोड्याला ढकलणाऱ्या दांडीच्या बुडाशी बसणारी. आत स्प्रिंगवर एक दट्ट्या, आणि दट्ट्याखाली इंजिनाचं तेल. चालू असताना तेल भरतं, दट्ट्या वर येतो, फट आपोआप मिटते. बंद केल्यावर ज्याच्यावर भार राहील त्यातलं तेल हळूहळू झिरपतं, दट्ट्या बसतो. इंजिन आज इथं थांबलं तर हे चार बसले, उद्या तिथं थांबलं तर ते तीन. मी अंगठ्यानं दाबलं. तो हळूच खाली गेला. माझी पत्ती रोज त्या दट्ट्याची चढउतार मोजत होती. आधी कुणी ठेवली असेल ती असो, पण मी रोज फट ठेवत राहिलो म्हणूनच तो टकटक करत राहिला. नट कुणीही फिरवले नव्हते. माझ्याशिवाय.

त्यांनी कसं करायचं तेही सांगितलं. व्हॉल्व मिटलेला असताना हातोड्याखालची दांडी दोन बोटांत धरून फिरवत राहायची आणि नट आवळत जायचं. दांडी जिथं बोटांना अडते तिथं फट संपली. मग नटाला आणखी एक फेरा, सावकाश, टॅपेटला दम खाऊ देत. बाकी तेल बघून घेतं. मी त्यांना नमस्कार केला आणि एसटीत बसलो.

धक्क्यावर पोचलो आणि लाँचच्या इंजिनघराचं दार लावून घेऊन एकट्यानं काम केलं. बाराच्या बारा दांड्या बोटांत फिरवल्या. शेंदूर बोटांना लागत होता, धुतला तरी नखांत राहिला. इंजिन सुरू केलं. थोडा वेळ टकटकलं, तेल चढलं, आणि गप्प. नुसता घों असा एकसारखा आवाज. असं गोड इंजिन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी लाँच निघाली आणि माणसांनी कान टवकारले. एक म्हातारी म्हणाली, आवाज गेला की गं. कुणीतरी म्हणालं, जाणारच, म्हातारा गेला ना. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोवर निम्म्या वाड्या तात्यांच्या बाजूच्या होत्या, त्या दिवसापासून एकही राहिली नाही. साहेबांनी मला साताऱ्याला बोलावून पाठ थोपटली. मी चहा प्यालो, बिस्किट खाल्लं आणि परत आलो. बोललो नाही. माझी अब्रू जाईल ही भीती होती, खोटं कशाला सांगू. फौजेत शिकलेला मिस्त्री आणि त्याला टॅपेट ओळखता आला नाही, हे वाऱ्यासारखं पसरलं असतं.

तो हिवाळा मला अजून तसाच्या तसा आठवतो. सकाळी पाण्यातनं वाफा निघायच्या. काठावर शेकोट्या, भाजलेल्या रताळ्यांचा वास, धुक्यात कुठंतरी एखाद्या गुराची घंटा. चहा आता माझा मीच करायचो. आलं घालायचो, पण तो तसा व्हायचा नाही. आणि ते गप्प इंजिन! पूर्वी कटकट असायची तेव्हा मी दिवसभर दुसऱ्यांवर संशय घ्यायचो. आता कटकट नव्हती, तर वाटायचं सगळे माझ्याकडे बघतायत, सगळ्यांना माहीत आहे. दोन बायका बोलत बसल्या तरी मी कान द्यायचो. माघ संपला, फाल्गुन गेला. पाणी उतरायला लागलं, काठाला चिखलाचे पट्टे दिसायला लागले, आणि मी रजा टाकून आटपाडीची एसटी धरली.

तिकडचं ऊन वेगळं. डोळ्यांत भुकटी गेल्यासारखं व्हायचं. माळ, बाभळी, मेंढरांच्या पायांची धूळ, आणि आभाळ नको एवढं मोठं. तात्यांची जमीन गावापासून कोसभर. खडक आणि कुसळं. चार मेढी रोवून वर पत्रा टाकलेला. काकी बाहेर धुणं वाळत घालत होत्या. मला बघून त्या थांबल्या, मग आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ते पाणी त्या डोक्यावरनं आणत होत्या, कोसभरावरनं. मी पाय धुवायला तांब्या वाकवला आणि मग लाज वाटून तसाच ठेवला.

तात्या शेळीला पाला घालत होते. वाळले होते. पण मला बघून त्यांचा चेहरा खुलला. लाँच कशी चाललीय, पाणी किती उतरलं, अमक्याच्या लेकीचं लग्न झालं का, असं सगळं विचारलं. मी खाली बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. सांगलीचे मिस्त्री, तेलाचे टॅपेट, पत्ती, सगळं. "तात्या, तुमी काय केलं न्हवतं," मी म्हणालो. "चूक माझी हुती."

तात्यांनी ऐकून घेतलं. पाल्याची पेंडी बाजूला ठेवली. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू मिस्त्री हायस," ते म्हणाले. "फौजंत शिकलास. तुजं कसं चुकंल?"

मी पुन्हा सांगितलं. हातवारे करून, जमिनीवर काटकीनं चित्र काढून. त्यांनी मान हलवली, एखाद्या लहान पोराचं मन राखावं तशी. म्हणाले, तू लांबनं आलास, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, पर मला कळलंय. हातच वाईट असतो एकेकाचा. इथं दोन शेळ्या घेतल्या, एक गेली. गावात विहिरीवर इंजिन बसवलंय, मी जवळ जात नाही. काकी मधेच म्हणाल्या, रात्री उठून हात बघत बसतात. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझं खरं वाटलं होतं, ते दिसत होतं. तेच मला सोसवेना.

मी तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा तात्यांनी माझं मनगट धरलं.

"गड्या, येकच सांग. मी गेलो आणि इंजिन गप झालं का न्हाई?"

मी इकडंतिकडं बघितलं.

"झालं," मी म्हणालो.

"मग," ते म्हणाले, आणि मला धरून जेवायला उठवलं.